करवलीचा हात

ईरा आणि निहार,

मागच्या रविवारी फोनवर निहारनं विचारलं, "आज्जी, जेवण झालं की तू ती बारकी पांढरी गोळी कसली घेतेस?" मी न अडखळता म्हणाले, "कॅल्शियमची." मग हाडं, दूध आणि ऊन या विषयांवर तुम्ही दोघांनी मला जे व्याख्यान दिलंत, ते मी मान डोलावत ऐकून घेतलं. कॅल्शियमची गोळी मी सकाळी घेते. ती खडूच्या तुकड्याएवढी असते आणि घशात अडकते. जेवणानंतरची गोळी वेगळी. तिचं नाव तीनदा बदललं, रंग दोनदा बदलला, पण एकोणिसाव्या वर्षापासून मी ती घेत आले आहे, मधले अठरा दिवस सोडून. तुमच्या आजोबांना ती लग्नाआधीपासून ठाऊक होती, तुमच्या आईला ठाऊक आहे, आमच्या स्वयंपाकाच्या मावशींनाही ठाऊक आहे. तुम्हालाच सांगायचं राहिलं. राहिलं म्हणणंसुद्धा खरं नाही. मी ते नीट घडी घालून कपाटात मागच्या बाजूला ठेवलं होतं, आणि मी घड्या किती चांगल्या घालते हे तुम्हाला माहीत आहे. तेव्हा आता त्या अठरा दिवसांबद्दल लिहिते, म्हणजे पुढच्या रविवारी आपल्याला दुसरं काही बोलता येईल.

आमचं घर पणदऱ्याला, रस्त्यापासून जरा आत, तिन्ही बाजूंनी ऊस. हंगामात पहाटेपासून कारखान्याकडे निघालेल्या ऊसगाड्यांच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज यायचा, आणि त्याच वेळी गोठ्यात तात्यांच्या बादलीत दुधाची पहिली धार पडायची. रिकाम्या बादलीत धारेचा आवाज आधी चिरका येतो, मग बादली भरत जाईल तसा जाड होत जातो. तो जाड झाला की आई चुलीवर चहाचं आधण ठेवायची. तात्या म्हणजे माझे वडील. सहा म्हशी, चार एकर ऊस आणि बोलण्याची भारी कंजुषी असा त्यांचा संसार. आई मात्र सतत बोलायची, म्हशींशीसुद्धा. थोरली बहीण शालन माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. सातवीनंतर शाळा सोडून तिनं घर हातात घेतलं होतं आणि उरलेल्या वेळात ती माझी टिंगल करायची. मी पुण्याला कॉलेजात गेले, 'न्हाय'चं 'नाही' आणि 'हाय'चं 'आहे' करून घरी परतले, तेव्हा तिनं पंधरा दिवस माझ्याशी रेडिओवरच्या बाईच्या आवाजात संभाषण केलं. "विमलताई, आपण भाकरी घेणार आहात का? आणि ठेचाही घेणार आहात का?"

रेडिओ हा शब्द इथं आलाच आहे तर सांगून टाकते. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते, इंग्रजी विषय घेऊन. वसतिगृहाच्या जेवणाच्या खोलीत एक रेडिओ होता. एके दिवशी बातम्या देणारी बाई मध्येच थांबून माझ्या चुका वाचून दाखवू लागली. मी कुणाची उशी वापरली, कुणाला काय खोटं सांगितलं, मनात काय वाईट आलं, सगळं. तिच्याकडे एवढा तपशील होता तर निदान तो विषयवार लावून तरी वाचायचा, असं मला आज वाटतं. तेव्हा मात्र मी जेवण सोडलं, झोप सोडली, आणि शेवटी रेडिओ उचलून पाण्याच्या हौदात टाकला. तात्या न्यायला आले. पाच आठवडे पुण्यातल्या एका दवाखान्यात काढून मी घरी परतले ती एका चिठ्ठीसह. त्या चिठ्ठीवर डॉक्टरांनी इंग्रजीत एक लांबलचक शब्द लिहिला होता, आणि आमच्या घरात तो वाचता येणारी मी एकटीच होते.

शिक्षणाचा हा तोटा कुणी सांगत नाही. आईच्या मते पोरीच्या डोक्याला ऊन लागलं होतं. त्यावर तिच्याकडे उपाय होते. हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं, टाळूवर एरंडेल, आणि अभ्यास बंद. तात्यांच्या मते काही झालंच नव्हतं. शालनच्या मते पुण्याच्या मेसचं जेवण खाऊन कुणाचंही डोकं फिरेल. मी मात्र बक्षीस मिळालेला इंग्रजी शब्दकोश उघडून स्किझोफ्रेनिया हा शब्द काढला, त्याचा अर्थ वाचला, त्यातले कठीण शब्द पुन्हा काढून त्यांचे अर्थ वाचले, आणि दुपारपर्यंत माझी खात्री झाली की ज्यांच्याबद्दल हे लिहिलंय ती माणसं माणसांत बसवण्यासारखी नसतात. मग मी एका कोऱ्या वहीत समास आखून स्वतःसाठी नियम लिहिले. पाहुणे आले की मागच्या दारानं जायचं. कुणाचं लेकरू उचलायचं नाही. हळदीकुंकवाला जायचं नाही. कुणी हसलं तर का हसलं ते विचारायचं नाही. एकूण अकरा नियम होते, अक्षर सुरेख. तुम्ही मला शिस्तीची म्हणून चिडवता ना, मी वेडी होतानाही शिस्तीतच झाले.

गोळ्यांनी बाईचा आवाज थांबला आणि हात सुरू झाला. दोन्ही हात बारीक थरथरायचे. चहा घेताना कप बशीवर असा वाजायचा की पहिल्या आठवड्यात मांजर घाबरून चुलीमागं गेलं. मग घरानं एक युक्ती केली, कुणी कुणाला न सांगता: मी कपबशी उचलली की आई जोरजोरात म्हशींबद्दल बोलू लागायची, तात्यासुद्धा एखादं वाक्य खर्च करायचे. ते सगळं माझ्यासाठी चाललंय हे मला कळायचं. त्यानं मला आणखीच लाज वाटायची.

अशात शालनचं लग्न ठरलं. मुलगा इंदापूरकडचा, वरकुट्याचा. जालिंदर त्याचं नाव. घरची बागायती शेती, वांगी-टोमॅटो बाजारात पाठवणारी माणसं. सुपारी फोडायला मुलाकडचे पंचवीस जण ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून आमच्याकडे येणार होते. आदल्या दिवशी आई पाट्यावर पुरण वाटत असताना मी तिला म्हणाले, "उद्या मी वैरणीच्या खोलीत बसेन." आईनं पाट्यावरून मान वर केली नाही. "उकडंल तितं," एवढंच ती म्हणाली.

वैरणीची खोली म्हणजे गोठ्यामागं कडब्याच्या पेंढ्या आणि सरकी पेंडीची पोती ठेवायची जागा. मी एक इंग्रजी कादंबरी घेऊन सकाळीच तिथं जाऊन बसले. पुढच्या अंगणात माणसांचा गलका सुरू झाला, गुळवणीचा वास आला, आणि तेवढ्यात दार ढकलून एक उंच, वाळलेले गृहस्थ आत आले. नवंकोरं धोतर, कडक टोपी. मला पाहून दचकले.

"कोन हाय?"

"मी. मुलीची बहीण."

"मग भाईर का न्हाईस?"

"तुम्ही का नाही?"

त्यांनी जरा विचार केला. "मी ट्रॉली राखतुय."

"ट्रॉली पलीकडं चिंचेखाली उभी आहे."

"हितनं दिसती," ते म्हणाले. त्या खोलीला खिडकी नव्हती.

ते पोत्यावर टेकले. धोतराचा सोगा सारखा करताना त्यांचे हात मला दिसले, आणि पुस्तकाचं पान उलटताना माझा हात त्यांना दिसला. कितीतरी वेळ आम्ही एकमेकांच्या हातांकडेच बघत होतो.

"डोस्क्याचं का?" त्यांनी हळूच विचारलं.

मी मान हलवली.

"माझं बी!" त्यांचा चेहरा एकदम उजळला, परमुलखात आपल्या गावचं माणूस भेटावं तसा. "दवाखान्यात हुतीस?"

"पाच आठवडे."

"पाचच? मी साडेतीन म्हैनं हुतो." माझी जमीन साडेतीन एकर, अशा सुरात ते म्हणाले.

मला का कोण जाणे, माघार घ्यावीशी वाटेना. "माझ्याशी रेडिओ बोलायचा."

"रेडू बोलायसाठीच आसतुय. माझ्यासंगं इहीर बोलायची."

"काय बोलायची?"

"इहीर काय बोलनार? किसना, पानी उपसू नगं, म्हनायची. आट दिस इंजान बंद ठिवलं. समदी वांगी वाळली." त्यांनी सुस्कारा सोडला. "वांग्याला भाव बी नेमका त्याच आटवड्यात आला."

मी हसले. गेल्या चार महिन्यांत पहिल्यांदाच, आणि मोठ्यानं. त्याच क्षणी आई माझ्यासाठी पुरणपोळीचं ताट घेऊन दारात उभी राहिली. ताट एक आणि समोर माणसं दोन. आणि त्यातले एक म्हणजे नवऱ्या मुलाचे सख्खे मामा, किसनमामा, ज्यांच्या पायावर तिनं सकाळीच स्वतः पाणी घातलं होतं. मुलाचा मामा आमच्या पेंडीच्या पोत्यावर बसलेला! आईनं तात्यांना अशी हाक मारली की अर्धी पंगत उठून गोठ्यामागं आली.

मुलाची आई पारूबाई पुढं झाल्या. ठेंगण्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. "किसना, ट्रॉलीपाशी बसतो म्हनलावतास. हितं काय करतुयास? कुनी बसवलं तुला?"

"मीच बसलो, अक्का. चार मान्सांत शोभा नगं."

"आन् तुला गं?"

"मीसुद्धा," मी म्हणाले. "मला... मी आजारी असते."

आमच्याकडची माणसं त्यांच्याकडे बघत नव्हती आणि त्यांच्याकडची आमच्याकडे. त्यांच्यातल्या एका पाहुण्यानं घसा खाकरला आणि "मग आता..." अशी सुरुवात केली. त्या "मग आता"मध्ये शालनचं लग्न मोडत होतं, हे मला गोठ्याच्या भिंतीइतकं स्पष्ट दिसलं. पारूबाईंनी त्यांना पुढं बोलूच दिलं नाही.

"आता काय? त्यांची येक, आमचा येक. फिट्टंफाट. चला जेवाया, पोळ्या गार व्हत्यात."

आम्हा दोघांना पंगतीत समोरासमोर बसवलं. आम्हाला त्या खोलीत कुणीच बसवलं नव्हतं, हे मी पुढं कितीतरी वर्षं सांगत असे, घरच्यांच्या बाजूनं. ते खरंच आहे. पण तिथून बाहेर ये असंही मामा सापडेपर्यंत कुणी म्हणालं नव्हतं, हे म्हातारपणी सांगायला हरकत नाही.

पाहुणे गेल्यावर भांडी घासताना शालननं मला निर्णय सांगितला. "करवली तू. करा घिऊन माझ्यामागं हुबं ऱ्हायचं. न्हायतर मी बी त्या वैरणीच्या खोलीत जाऊन बसते. भटजीला तितंच बलवा."

करवली म्हणजे काय, हे तुम्ही तिकडच्या लग्नांत पाहिलं नसणार. नवरीची बहीण हातात करा घेऊन मंगलाष्टकं होईपर्यंत तिच्या मागं उभी असते. करा म्हणजे पाण्यानं भरलेला तांब्याचा कलश, वर आंब्याची पानं आणि नारळ. सगळं गाव समोर अक्षता घेऊन बसलेलं असतं आणि नवरानवरी अंतरपाटाआड असतात, त्यामुळं लोकांना बघायला करवलीशिवाय दुसरं काही नसतं. मी मागच्या अंगणात तांब्या भरून सराव करून पाहिला. शंभर आकडे मोजेपर्यंत माझं परकराचं टोक ओलं झालं होतं. पाचशे माणसांसमोर पाणी सांडणार, लोक विचारणार, आई जोरजोरात म्हशींबद्दल बोलणार. मी तिथंच उभी राहून पद्धतशीर विचार केला. हात गोळीनं हलतो. लग्न महिन्यावर आहे. लग्न झालं की गोळी पुन्हा सुरू करता येईल. मला हे इतकं तर्कशुद्ध वाटलं की वहीत लिहून त्याखाली दुहेरी रेघ मारली. दुसऱ्या दिवसापासून रोजची गोळी चुलीच्या राखेत जाऊ लागली.

आठवड्याभरात हात शांत व्हायला लागले. दहाव्या दिवशी मी भरलेला कप उचलला आणि बशी अजिबात वाजली नाही. आई म्हशींबद्दल बोलता बोलता थांबली. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. "माडग्यानं गुन दिला," ती म्हणाली. तात्यांनी डेअरीवर, दुधाच्या रांगेत, कुणी न विचारता सांगितलं की आमची विमल आता खडखडीत बरी हाय. घर इतकं आनंदात होतं की मला झोप येईनाशी झाली आहे, हे सांगायला कुठं जागाच उरली नाही.

अठराव्या दिवशी बारामतीला बस्ता बांधायचा होता. दोन्ही घरांनी एकत्र बसून लग्नाचे सगळे कपडे एका दुकानातून घ्यायचे, याला बस्ता म्हणतात, आणि तो लग्नापेक्षा जास्त वेळ चालतो. पांढऱ्याशुभ्र गाद्यांवर एका बाजूला आम्ही आठ जण, दुसऱ्या बाजूला ते दहा जण, मध्ये साड्यांचा डोंगर. मानाच्या साड्या कुणाकुणाला, कितीकिती वारी, आत्याला काठपदर आणि मावशीला साधी का, यावर आई आणि पारूबाई अत्यंत गोड आवाजात भांडत होत्या. दुकानातला माणूस साडी उलगडून हवेत फेकायचा आणि रंग ओरडायचा: मोरपंखी बघा, अंजिरी बघा, डाळिंबी बघा. फार चांगला आवाज होता त्याचा. थोड्या वेळानं त्या आवाजाखाली दुसरं काहीतरी ऐकू येऊ लागलं. हिला बघा. हिला इथं कुणी बसवलं. हिच्यामुळं लग्न मोडणार आहे, हिला बघा. मी साड्यांवरची नजर काढून छताच्या पंख्याकडे लावली आणि चेहरा सरळ ठेवला. चेहरा सरळ ठेवण्यात मी तेव्हा तरबेज होते.

दुकानदारानं चहा मागवला. अठरा कपबश्या वाटल्या गेल्या. पलीकडच्या गादीवर किसनमामांचा कप बशीवर टकटक वाजू लागला. त्यांनी माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले. आता माझा कप उत्तर देईल म्हणून. माझ्या हातात कप होता, आणि तो गप्प होता. मामांचं हसू तिथल्या तिथं मावळलं. माझ्या शांत हाताकडे सगळ्यांनी कौतुकानं पाहिलं होतं. घाबरून पाहणारा हा पहिलाच माणूस.

चहा तसाच ठेवून ते उठले. "पोरी, मला टोपी घ्यायचीया. चल, रंग सांग जरा." टोपी पांढरीच असते. मी मागून गेले. दुकानाच्या कोपऱ्यातल्या टोप्यांच्या कपाटापाशी त्यांनी एक टोपी उचलली, तिच्यात बघत विचारलं, "किती दिस झालं?"

"कशाला?"

"सोडून."

खोटं बोलायला तोंड उघडलं, पण ते टोपीतून वर बघेनात. "अठरा," मी म्हणाले.

"मी बावीस काढलं हुतं." या वेळी त्या सुरात जमीन नव्हती. "अक्काच्या थोरल्या पोरीचं लगीन हुतं. मी मामा, पोरीमागं हुबं ऱ्हायाचं, अक्षता धरायच्या. म्हनलं हात नीट पायजे. त्येविसाव्या दिशी इहिरीत उतरलो. तुला ती वांग्याची गोष्ट सांगितली न्हवं, ती आदीची. ही मागनंची. ही मी कुनाला हसत सांगत न्हाय. गड्यांनी काढलं मला भाईर. पोरीच्या मागं दुसराच कोन तरी हुबा ऱ्हायला."

दुकानातला माणूस ओरडत होता. मामांनी मानेनं तिकडे खूण केली. "ह्यो काय म्हनतुय तुला?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"समद्या बायका साड्यांकडं बघत्यात, तू पंख्याकडं बघतीयास."

मग मी सांगितलं. माझं मलाच ते ऐकताना फार साधं वाटलं. चार वाक्यांत संपलं. मामा म्हणाले, "व्हय, मंजी सुरवात हाय. गोळी घ्यायला लाग. दाक्तराकडं जा. सांगायचं मी न्हाय सांगनार. तू सांग."

"कुणाला?"

"बहिनीला. तिच्या लग्नापायी सोडलीस, मग तिला म्हाईत नगं?"

"सगळ्यांसमोर?"

"मग वैरनीच्या खोलीत सांगतीयास का?"

कोपऱ्यातून त्या गाद्यांपर्यंतचं अंतर मी आजही पावलांत सांगू शकेन: नऊ. शालन खांद्यावर हिरवा शालू टाकून आरशापुढं उभी होती. मी तिच्याजवळ जाऊन म्हणाले, "शालने, मी गोळ्या बंद केल्यात. करा हातात हलू नये म्हणून. आणि आता पुन्हा ऐकू यायला लागलंय." मला हळू बोलायचं होतं, पण नेमक्या त्याच वेळी आई आणि पारूबाई दम खायला थांबल्या होत्या. अख्ख्या दुकानानं ऐकलं. साड्या फेकणारा माणूससुद्धा हात वर धरून थांबला.

शालननं शालू खांद्यावरून काढला, मला वाटलं आता रडेल. तिनं तो माझ्या अंगावर फेकला.

"गाढवे! पानी सांडलं तर पदरानं पुशीन की मी. तू त्या रेडूवाल्या बाईसंगं निगून गेलीस तर तुला कुटनं आनू?" मग खरंच रडली, आणि रडता रडता माझ्या पाठीत दोन धपाटे घातले. आई खाली बसली. "माडग्यानं नव्हं व्हय," एवढंच ती पुटपुटली, आणि मला तिचीच सगळ्यांत जास्त दया आली. पारूबाईंनी दुकानदाराला सांगितलं की अंजिरी बाजूला ठेवा, डाळिंबी नको, आणि पोरीला पाणी द्या. दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.नं तात्या मला पुण्याला घेऊन गेले. डॉक्टर मला रागावले नाहीत. औषध त्यांनी थोडं बदललं, हात कमी हलेल म्हणाले, पण हलेल. बाईचा आवाज पाचसहा दिवसांत दूर गेला. परतीच्या प्रवासात तात्यांनी मला एस.टी. स्टँडवर केळी घेऊन दिली आणि जेजुरीपासून मोरगावपर्यंत विचार करून एक पूर्ण वाक्य बोलले: "हात हलला तर हलूंदी, पोरी, तो काय तुझा दोस न्हाय." मी तात्यांच्या तोंडून ऐकलेलं हे सर्वांत लांब वाक्य आहे.

लग्न आमच्याच दारात, पाचशे माणसं. शालन म्हणाली, करा निम्माच भर, कोन बघाया बसलंय. पण अर्धा भरलेला करा धरून उभं राहणं मला पटेना, म्हणून मी तो गळ्यापर्यंत भरला. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. अंतरपाट धरला गेला. पलीकडे जालिंदरच्या मागं किसनमामा उभे होते आणि त्यांच्या मुठीतून अक्षता वेळेआधीच त्याच्या खांद्यावर पडत होत्या. पहिलं मंगलाष्टक संपेपर्यंत माझ्या कऱ्यातलं पाणी पानांवरून ओघळून शालनच्या पाठीवर पडू लागलं.

"गार लागतंय, विमे," ती ओठ न हलवता म्हणाली.

"मग पुढं सरक."

"कुटं सरकू? पुढं नवरा हाय."

तिचे खांदे हसून हलायला लागले. दुसरं मंगलाष्टक संपलं, भटजी श्वास घ्यायला थांबले, आणि त्या शांततेत माझ्या शेजारी उभ्या असलेल्या वरकुट्याच्या एका म्हाताऱ्या बाईंनी, कानानं कमी ऐकू येणारी माणसं विचारतात तशा आवाजात विचारलं, "ह्या करवलीचा हात का गं असा थरथरतुय?"

पुढच्या चार रांगा वळल्या. आई कुठंतरी उजवीकडे होती. मी तिच्याकडे पाहिलं असतं तर तिनं म्हशींचा विषय नक्की काढला असता. उपवास आहे, ताप आहे, रात्रभर मेंदी काढत होते, अशी तीन उत्तरं मी तयार ठेवली होती, क्रमानं. मी म्हणाले, "मला डोक्याचा आजार आहे, आजी. गोळी चालू आहे. तिनं हात हलतो."

त्यांनी माझ्याकडे, मग कऱ्याकडे नीट निरखून पाहिलं. "आसं व्हय. मी म्हनलं, नारळ जड हाय का काय. आन हिकडं, वाईच मी धरते."

"नको," मी म्हणाले. "मी धरते."

"धर बाई. पर जरा पल्याड सरक. माझं लुगडं नवं हाय."

भटजींनी तिसरं मंगलाष्टक सुरू केलं, आणि मी एक पाऊल सरकले, शालनच्या बाजूला.